काकाजींनी टॅब उघडला

खोली दाखवून झाल्यावर घरमालक जे विचारतात, म्हणजे लग्न झालं का, गाव कोणतं, पाहुणे किती येतात, यातलं काकाजींनी मला काहीच विचारलं नाही. ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्यापाशी बंद पडलेलं काय काय हाये?"

मी कोल्हापूरकडची. जिल्हा परिषदेच्या शाळेत नेमणूक मिळाली म्हणून पहिल्यांदाच यवतमाळ जिल्ह्यात आलेले. पांढरकवड्यात उतरून दोनच दिवस झाले होते. इकडे असंच विचारतात की काय, मला कळेना. पिशवीत एक बंद पडलेलं मनगटी घड्याळ होतं, तेवढं सांगितलं. काकाजींनी हात पुढे केला. "द्या."

तिसऱ्या दिवशी घड्याळ परत आलं. चालत होतं. फक्त दिवसाला वीसेक मिनिटं पुढे जायचं. मी भीत भीत तसं सांगितलं, तर म्हणाले, "पुढंच जाते ना? मांगं तं येत नाही? मंग तुम्हाले शाळेत कधी उशीर होणार नाही." आणि खरंच, त्या घरात राहिले तेवढी वर्षं मला शाळेत एकदाही उशीर झाला नाही.

काकाजी जनावरांच्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले. पद पट्टीबंधकाचं. गाव त्यांना डॉक्टर म्हणे आणि ते दर वेळी दुरुस्त करत. कुणीतरी फाटकाशी लंगडी बकरी घेऊन उभं राही, "डाक्टर हायेत काय?" म्हणून हाक मारी. आतून आवाज येई, "डाक्टर नाही, पट्टीबंधक हाये. आना आत." मग काकाजी कोपरापर्यंत साबणाने हात धूत. घाई कितीही असो, त्यात कधी फरक पडला नाही. मिक्सर उघडायचा असला तरी आधी कोपरापर्यंत हात धुवायचे. दोन चष्मे होते, बारीक काम असलं की एकावर एक चढवायचे.

लोक बैठकीत शोभेच्या वस्तू ठेवतात. काकाजींनी काचेची एक मोठी बरणी ठेवली होती. म्हशी-बैलांच्या पोटातून ऑपरेशन करून जे जे निघालं, ते त्यांनी तीस वर्षं मोठ्या डॉक्टरांकडून मागून घेऊन जमवलं होतं. खिळे, तारेचे तुकडे, कुलपाची किल्ली, अर्धा चमचा. चहा घेणाऱ्याची नजर तिकडे गेली की गोष्ट सुरू. कुणाची म्हैस, कोणतं गाव, किती दिवस चारा सोडला होता. काकूंच्या माहेरचे येणार असले की ती बरणी गणपतीच्या फोटोमागे जाई. पाहुणे बसले की काकाजी उठून ती पुन्हा समोर आणून ठेवत.

निवृत्तीनंतर जनावरं कमी झाली आणि काकाजी यंत्रांकडे वळले. कोणतीही वस्तू "खराब झाली" असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. "आजारी हाये म्हना," असं सांगत. वस्तू हातात घेत, उलटसुलट करत, तिच्यावर बोटाने दोनदा टकटक करत आणि बराच वेळ नुसती बघत बसत. मी एकदा विचारलं, "काकाजी, उघडत का नाही?"

"जनावर सांगते काय कुठं दुखून राह्यलं थे? आपल्यालेच पाहा लागते. आधी पाहाचं, मंग हात लावाचा."

सगळे रुग्ण बरे होत असं मात्र नाही. शेजारच्यांची दारावरची घंटा त्यांनी दुरुस्त केली, तेव्हापासून त्या घरात मोरीतला दिवा लावला की घंटा वाजायची. शेजारीण दर वेळी दार उघडायला जाई. आमच्याकडच्या पंख्याचे दुरुस्तीनंतर चार स्क्रू उरले. काकूंनी ते तळहातावर घेऊन विचारलं, "हे कुठचे?" काकाजी शांतपणे म्हणाले, "कंपनीनं फालतूचे टाकले होते." पंखा फिरत होता, त्यामुळे काकूंना पुढे बोलता आलं नाही. पण त्या दिवसापासून त्या पंख्याखाली बसल्या नाहीत.

माझी शाळा गावापासून बारा-पंधरा किलोमीटरवर एका बंजारा तांड्यावर होती. मुलं घरी गोरबोली बोलत. पहिलीच्या पुस्तकात भाकरीचं चित्र, खाली शब्द 'भाकर'. मी चित्रावर बोट ठेवून विचारलं, तर वर्ग गप्प. शेवटी एक मुलगी हळूच म्हणाली, "बाटी." आणि आपलं काही चुकलं असं वाटून खाली बघायला लागली. तिचं चुकलं नव्हतं. त्यांच्या घरी भाकरीला बाटीच म्हणतात. पण पुस्तक एका भाषेत आणि मूल दुसऱ्याच भाषेत, आणि मध्ये मी तिसऱ्याच गावची. पहिले काही महिने माझ्या वर्गात फक्त माझाच आवाज होता.

तांड्यावर एक म्हातारी होती. सगळे तिला याडी म्हणत, म्हणजे आई. ती गोष्टी सांगायला बसली की सबंध तांड्यातली मुलं तिच्याभोवती गोळा होत. शाळेत तोंड न उघडणारी मुलं तिथे एकमेकांच्या वर चढून बोलत. ते बघून मी माझा टॅब तिच्यासमोर धरून तिचं सांगणं रेकॉर्ड करायला लागले. भावाने वापरून मला दिलेला जुना टॅब होता तो. याडी गोरबोलीत गोष्ट सांगे, मुलं तिची चित्रं काढत, मी चित्रांचे फोटो घेऊन गोष्टीला जोडायचे आणि खाली मराठीत दोन-दोन शब्द लिहायचे. तेवीस गोष्टी झाल्या. मुलं आपणहून शाळेत यायला लागली. कापूस वेचणीच्या दिवसांत आईबरोबर शेतात जाणारी पोरंसुद्धा आधी गोष्ट ऐकून जात. "कॉपी करून ठेव," असं भाऊ प्रत्येक फोनवर सांगायचा आणि मी प्रत्येक फोनवर हो म्हणायचे.

दिवाळी झाल्यावर याडी आदिलाबादकडे लेकीच्या घरी राहायला गेली. त्यानंतर आठवड्याने मी टॅब शाळेच्या पायरीवर ठेवून मुलांना पाणी द्यायला आत गेले आणि एक बकरी त्याच्यावर चढून उभी राहिली.

काचेला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे गेले होते. पडदा काळा, कडेला दोन हिरव्या रेघा. मी यवतमाळला दुकानात नेला. दुकानदार भला माणूस होता. म्हणाला, या मॉडेलचा पडदा आता आमच्याकडे येत नाही, मागवला तर कधी येईल सांगता येत नाही, तुम्ही नवा घ्या. आतलं काढून देता येईल का विचारलं, तर पडद्यावर बोट फिरवून कुलूप उघडल्याशिवाय तेही होणार नव्हतं. बोट फिरवायला पडदाच नव्हता.

बसमधून परत येताना मी रडले. घरी येऊन गुपचूप खोलीत जायचा विचार होता, पण काकाजी पुढच्या छपरीत बसले होते. तोंड बघूनच त्यांनी काय झालं विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवत ऐकून घेतलं.

"बकरीले तं नाही लागलं ना?"

मला रागच आला. तेवढ्यात टॅब वाजला. शाळा सुटायच्या वेळेचा मी त्यात रोजचा गजर लावलेला होता, तो. काकाजींनी टॅब कानाशी धरला. गजर वाजून आपोआप थांबेपर्यंत ऐकत राहिले.

"मॅडम, हा जिता हाये. याची फक्त कातडी गेली. आतडं शाबूत हाये."

मी त्यांना टॅब दुरुस्तीला दिला नाही. उरलेले चार स्क्रू माझ्या डोळ्यांसमोर होते. दोन दिवस तो माझ्या कपाटात साड्यांखाली होता. काकाजींनी मागितला नाही. फक्त सकाळी मी निघाले की विचारत, "कसा हाये?" घरात कुणी आजारी असल्यासारखं. तिसऱ्या दिवशी वर्गात त्या 'बाटी'वाल्या मुलीने विचारलं, "बाई, गोष्ट?" मी उद्या म्हणाले. त्या संध्याकाळी टॅब काकाजींच्या हातात ठेवला.

त्यांनी तो उघडला नाही. मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरांत लिहिलेला नंबर दोन चष्मे लावून उतरवून घेतला आणि मला फोनवर तसाच पडदा शोधायला लावलं. पहिल्यांदा आला तो दुसऱ्याच मॉडेलचा निघाला. "याची नाळ वेगळी हाये," असं म्हणून काकाजींनी खोकंसुद्धा नीट बंद करून परत पाठवलं. दुसरा आला तो बरोबर होता. त्या मधल्या दिवसांत ते माझ्या फोनवर टॅब उघडण्याचा एक व्हिडिओ रोज बघत. आवाज बंद करून. मी म्हटलं, तो काय सांगतो ते तर ऐका. म्हणाले, "त्याचे हात पाहाचे. तोंड कायले आयकाचं?"

रविवारी जेवणं झाल्यावर छपरीत, भरपूर उजेडात, काम काढलं. काकूंनी धुतलेली पांढरी चादर अंथरून दिली. काकाजींनी हात धुतले, मलाही धुवायला लावले. फुटलेल्या काचेवर आधी चिकटपट्टी लावली, कण उडू नयेत म्हणून. पडदा कडेने डिंकाने चिकटवलेला असतो, तो शेकून मऊ करावा लागतो. त्यासाठी काकूंची गुडघे शेकायची रबरी पिशवी आली. मग फटीत सरकवायला पातळ पण चिवट असं काहीतरी हवं होतं. काकाजी आत गेले आणि कात्रीने कापलेले काळपट प्लास्टिकचे तिकोनी तुकडे घेऊन आले.

काकूंनी एक तुकडा उजेडात धरून बघितला. "हा तं माया गुडघा हाये."

"जुना फोटो होता," काकाजी म्हणाले. "आता तुवा गुडघा बदलला. नवा काढू."

काकूंच्या एक्सरेचे ते तुकडे एकेक करून काचेखाली गेले. शेकायचं, सरकवायचं, थांबायचं. पुन्हा शेकायचं. काकाजी मधूनमधून टॅबशी बोलत, "हो बाप्पा, झालं, झालं, थोडंसंक." तासाभराने पडदा एका कडेने उचलला गेला. आत हिरवी पाटी, चांदीसारखे तुकडे, केसासारख्या तारा. काकाजींनी एका कागदावर टॅबचं चित्र काढलं होतं. निघालेला प्रत्येक स्क्रू ते चित्रात त्याच्या जागी चिकटपट्टीने लावत होते. हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं. माझी नजर त्यांच्या लक्षात आली.

"पंखा घरचा होता, मॅडम. हे तांड्याचं हाये."

बॅटरीची पट्टी काढली, मग जुना पडदा सुटा झाला. नवा जोडायचा म्हणजे एक लहानशी चपटी पट्टी नखाएवढ्या खाचेत सरळ सरकवायची आणि तिच्यावरची तांदळाच्या दाण्याएवढी झडप खाली दाबायची. काकाजींनी चिमट्यात पट्टी धरली. खाचेजवळ नेली आणि थांबले. पुन्हा नेली. तेव्हा मला दिसलं की त्यांचा उजवा हात थरथरतोय. एरवी ते चहाचा कपसुद्धा डाव्या हातात का धरत, हे मला त्या क्षणी कळलं. काकूंना ते आधीपासून माहीत असावं. त्या एकदम उठून चहा ठेवायला आत गेल्या.

तिसऱ्या वेळी पट्टी खाचेच्या कडेवर घासली. काकाजींनी चिमटा खाली ठेवला. एक चष्मा काढला, मग दुसरा.

"मले नाही जमणार," ते म्हणाले. "तू कर."

त्या घरात आल्यापासून काकाजींनी मला कधी तू म्हटलं नव्हतं आणि कोणतंही काम जमणार नाही असंही कधी म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "काकाजी, तुटलं तर?"

"तुटलं तं म्या तोडलं असं सांगू. घे."

मी चिमटा घेतला. काकाजी माझ्या मागे येऊन बसले. आवाज अगदी खाली आणला. "मनगट चादरीवर टेकव. हां. आता श्वास सोड. घेऊ नको, सोड. गाय अडली ना, तेव्हा आपण ओढाचं नाही. थिनं कळ दिली की आपण हात द्याचा. थांब. पट्टी सरळ झाली की आपोआप आत जाईन. पाहा, गेली. आता झडप. बोटानं नको, नखानं." खट् असा इतका बारीक आवाज झाला की तो फक्त आम्हा दोघांनाच ऐकू आला.

"झालं," काकाजी म्हणाले.

बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, दाबून धरलं. पडदा काळाच. काकाजींनी दोन्ही चष्मे चढवले, वाकून प्रत्येक जोड बघितला, कागदावरचे स्क्रू मोजले. सगळं जिथल्या तिथे. ते पहिल्यांदाच मला म्हातारे वाटले. काकू चहा घेऊन आल्या, आमच्या तोंडांकडे आणि चादरीकडे बघितलं.

"बॅटरी जोडली काय?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सुरुवातीला काढलेली बॅटरीची पट्टी तशीच बाजूला पडलेली होती. काकाजी हसायला लागले. असे हसले की चष्मा नाकावरून खाली आला, त्यांना खोकला लागला, काकूंनी पाठीवर हात फिरवला आणि त्याही हसत सुटल्या. मी हसत हसत पट्टी जोडली. बटण दाबलं. पडदा उजळला. मी बोटाने कुलपाची नक्षी काढली आणि आतल्या तेवीसही गोष्टी एकाखाली एक दिसल्या. पहिली लावली. याडीचा आवाज छपरीभर झाला. काकूंनी पदर तोंडाला लावला.

पडदा चिकटवून त्यावर रात्रभरासाठी कणकेचा डबा ठेवला. एक कोपरा किंचित वर राहिला, तो आजही तसाच आहे. सकाळी उठल्या उठल्या मी भावाला फोन केला आणि कॉपी कशी करायची ते लिहून घेतलं.

सोमवारी काकाजी म्हणाले, "मीबी येतो. प्रवासात त्याले पकडाले कोनी पाह्यजे." स्कूटीवर माझ्या मागे बसले, हेल्मेट घातलं, टॅब टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतला. वाटेत प्रत्येक खड्ड्याआधी ते माझ्या खांद्यावर एक बोट टेकवत. मी वेग कमी करायचे.

वर्गात टॅब भिंतीला टेकवून ठेवला आणि कोल्ह्याची गोष्ट लावली. मुलं पुढे सरकली. गोष्टीत कोल्हा विहिरीवर जातो, तिथे मुलं नेहमी हसतात. त्या दिवशी त्यांच्या आधी कुणीतरी हसलं. मागे वळून पाहिलं, तर दाराशी स्टुलावर बसलेले काकाजी. मुलांनीही वळून बघितलं. काकाजी त्यांना काहीतरी म्हणाले आणि मला त्यातलं काही कळलं नाही. मुलांना सगळं कळलं. वर्गात एकदम गलका झाला.

काकाजींना गोरबोली येत होती. इतकी वर्षं मी त्यांच्या घरात राहत होते, शब्दांसाठी तांड्यावर दारोदार फिरत होते आणि त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाले, "तुम्ही कधी पुसलं नाही."

मुलांनी त्यांना गोष्ट सांगायला लावली. मी टॅब समोर धरला. नंतर त्या 'बाटी'वाल्या मुलीने मला ती मराठीत समजावून सांगितली, म्हणून मला कळली. काकाजी नोकरीला नवे लागले होते, तेव्हा याच भागात एका तांड्यावर बैलांना लस टोचायला गेले. एक बैल त्यांच्या मागे लागला. ते बाभळीवर चढले. बाभळीवर. बैल खाली बसून रवंथ करायला लागला. काकाजी वरून त्याला मराठीत ओरडले, विनवलं, शिव्या दिल्या. बैल ढिम्म. उन्हं कलल्यावर पाण्याला निघालेली एक बाई आली, तिने बैलाला गोरबोलीत एकच वाक्य सुनावलं आणि बैल उठून घरी गेला.

"कोण बाई होती?" एकाने विचारलं.

"आता नाव नाही ध्यानात," काकाजी मराठीत म्हणाले, बहुतेक माझ्यासाठी. "बैलाचं हाये. त्या बैलाले मराठी येत नव्हतं ना, मॅडम. मंग म्या त्याची बोली शिकलो."

मी रेकॉर्डिंग थांबवलं आणि गोष्ट मुलांना पुन्हा लावून दाखवली. नव्या पडद्यावर काकाजी दिसले नाहीत, कारण गडबडीत माझं बोट कॅमेऱ्यावर आलं होतं. फक्त आवाज होता, थोडा घोगरा, मधूनच हसणारा. काकाजी स्टुलावरून पुढे वाकून ऐकत होते. बैल बाभळीखाली बसला तिथवर गोष्ट आली, तेव्हा त्यांनी हळूच मला विचारलं,

"हा कोन बुढा बोलून राह्यला?"

सगळा वर्ग हसत सुटला. मुलं उड्या मारत त्यांच्याकडे बोट दाखवायला लागली. काकाजींना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी हाताने सगळ्यांना गप्प केलं, कान टॅबजवळ नेला आणि आपली गोष्ट अगदी शेवटपर्यंत ऐकली.

"बरा सांगते," ते म्हणाले. "अजून एकडाव लावा."